ब्लॉग काढा, पण कथा तिथे टाकू नका

«ताई, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय 31. बेळगावात एका पतसंस्थेत काउंटरवर असते, रोज बसनं ये-जा. गेली काही वर्षं कथा लिहितेय. 11 झाल्या. त्यातली एक मागे रविवारच्या पुरवणीत आली, बाकीच्या मोबाईलमध्येच पडून आहेत. लिहायला आवडतं, खरं कुणाला दाखवायला धीर होत नाही. पुतण्या म्हणतो, ‘काकू, ब्लॉग काढ की, सगळे लेखक काढतात, प्रकाशक तिथंच शोधत येतात.’ आमचे शाळेतले मास्तर म्हणतात, एकदा नेटवर टाकलंस की कुठलंही मासिक हात लावणार नाही, आणि चोरी होईल ती वेगळीच. कुणाचं ऐकू? स्वतःच्या नावानं लिहू की टोपणनाव घेऊ? माझ्या कथांतली निम्मी माणसं मला काउंटरवरच भेटलेली आहेत, म्हणून विचारते.»

पुतण्याचं निम्मं बरोबर आहे, मास्तरांचंही निम्मं बरोबर आहे. गंमत अशी की दोघांनीही आपापलं चुकीचं निम्मंच जास्त ठासून सांगितलेलं दिसतंय. ब्लॉग जरूर काढा. मोबाईलमधल्या त्या दहा कथा मात्र त्यावर टाकू नका.

आधी मास्तरांचं घेऊ. कथा छापणारी मासिकं, दिवाळी अंक आणि कथास्पर्धा बहुतेक एकच अट घालतात, साहित्य अप्रकाशित हवं. पूर्वी याचा अर्थ दुसऱ्या अंकात छापलेलं नको, एवढाच होता. आता ब्लॉग, फेसबुक, कथांची ॲपं, सगळं त्यात धरतात आणि काही स्पर्धांच्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. संपादकाच्या बाजूनं बघा. दिवाळी अंक विकत घेणारा काही शे रुपये मोजतो, ते फोनवर फुकट वाचून झालेली कथा पुन्हा वाचायला नव्हे. मी अधूनमधून स्पर्धेच्या कथा वाचायला बसते. एखादी ओळखीची वाटली की तिच्यातलं एक वाक्य उचलून गूगलवर टाकायचं. सापडली की कथा कितीही चांगली असो, बाजूला. काहीजण आधी पोस्ट काढून टाकतात आणि मग कथा पाठवतात. पण जुन्या पानांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी राहून जातात, आणि तोवर कुणीतरी ती कथा चार ग्रुपवर धाडलेलीही असते. असल्या गोष्टी संपादक लक्षात ठेवतात. मराठी कथेचं जग तसं लहानच आहे.

मास्तरांची गल्लत होते ती मासिक आणि पुस्तक यांत. पुस्तक काढणाऱ्याला आधी छापलेल्या कथेचं वावडं नसतं. मराठीतले कथासंग्रह बहुतेक असेच जमत आले आहेत. आधी दिवाळी अंकात, मासिकात कथा येतात, आणि आठ-दहा वर्षांनी त्या एकत्र बांधल्या जातात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा मुख्य रस्ता हाच आहे, आणि तो अजून बंद पडलेला नाही. म्हणून क्रम असा ठेवा. कथा आधी अंकाला. अंक बाजारात येऊन काही महिने झाले की संपादकाला विचारून, हवी तर, ब्लॉगवर. पुस्तक त्याच्याही नंतर. दिवाळी अंकांची जुळवाजुळव वर्षाच्या मध्यालाच सुरू होते. गणपतीत पाठवलेली कथा बऱ्याच ठिकाणी उशिराची ठरते. मे-जूनमध्ये पाठवा, एका वेळी एकाच ठिकाणी, आणि उत्तराची मुदत विचारून ठेवा. उत्तर आलंच नाही तर एक आठवण करा, मग कथा परत घेतल्याचं कळवून पुढच्या अंकाकडे वळा. एकच कथा दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

चोरीबद्दल थोडक्यात. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा 1957 चा. कथा लिहून झाली त्या क्षणी तिचा हक्क तुमचा होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ब्लॉगवर टाकल्यानं तो जात नाही, कुणी फॉरवर्ड केल्यानंही जात नाही. प्रत्यक्षात मराठीत सगळ्यात जास्त चोरी व्हॉट्सॲपवर होते, तिथं मजकुराखालचं नाव पहिल्या तासातच गळून पडतं. ब्लॉगवर तारीख असते म्हणून तो पुरावा, असं कुणी सांगितलं तर त्यावरही फार विसंबू नका, कारण ‘ब्लॉगर’सारख्या ब्लॉगच्या सेवेवर पोस्टची तारीख मागची टाकता येते. कथा पूर्ण झाली की स्वतःला आणि एका विश्वासाच्या माणसाला ईमेल करून ठेवा, त्याचा उपयोग जास्त.

आता पुतण्या. ‘प्रकाशक शोधत येतात’ हे तो कुठून घेऊन आलाय त्याचा अंदाज आहे. अमेरिकेत अँडी वीअर या संगणक प्रोग्रामरनं मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणानं टाकली होती. 2011 मध्ये ती त्यानं स्वतःच किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांत, 99 सेंटला ठेवली, 2014 मध्ये मोठ्या प्रकाशनगृहानं छापली आणि 2015 मध्ये सिनेमा आला. हे सगळं खरं आहे. पण त्यात प्रकाशक शेवटी आला. आधी आले ते रसायन आणि भौतिकशास्त्र कळणारे वाचक. त्यांनी प्रकरणागणिक चुका दाखवल्या, त्यानं त्या दुरुस्त केल्या, मग त्यांनीच किंडलवर दे म्हणून हट्ट धरला. इंग्रजीचा वाचक जगभर पसरलेला, आणि एक डॉलरला पुस्तक उतरवून घ्यायची त्याला सवय. आपल्याकडे कथांचा ब्लॉग पाहून सगळ्यात आधी कोण येतं? ‘तुमच्या लेखनात ताकद आहे, आम्ही पुस्तक काढतो, तुम्ही फक्त अमुक हजार भरा’ म्हणणारे. पैसे भरून पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, पण ते तुमचं लेखन आवडलं म्हणून काढलेलं पुस्तक नव्हे, एवढं ओळखून असा. आणि कुणाशीही, अगदी नावाजलेल्या प्रकाशकाशीही, करार लेखी करा. हक्क दिल्याचा कागद लेखी आणि सही केलेला असल्याशिवाय तो कायद्यानं ग्राह्य नाही. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कोणते हक्क, किती वर्षं, मानधन किती टक्के, हे कर्जाचे कागद वाचता तसं वाचा.

मग ब्लॉग कशाला हवा?

तुमच्याच भाषेत सांगायचं तर ती पिग्मी आहे. रोज थोडं भरायचं, त्यानं घर बांधून होत नाही, पण भरायची सवय मोडत नाही. वर्षाला दोन-तीन कथा लिहिणाऱ्याचा मधला काळ फार लांब असतो आणि त्या काळात हात आखडतो. दर पंधरवड्याला सहाशे-सातशे शब्दांचं काहीतरी, कथा नसलेलं, लिहून बाहेर सोडायचं म्हटलं की वाक्यं मोकळी होतात. संपादनाची सवयही लागते. कुणी वाचणार आहे म्हटल्यावर आपण शेवटचा परिच्छेद पुन्हा एकदा बघतो, आणि तो बहुधा काढून टाकण्यासारखाच असतो.

लिहायचं काय? जे तुमच्याशिवाय कुणी लिहिणार नाही ते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिकडच्या पावसात बस बंद पडली की गावं कशी राहतात. खानापूरची कौलं आणि मातीची भांडी, त्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या बायका. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी ट्रकात भरून उत्तरेला जातात, त्या हंगामातला हिशेब. घरी मराठी, ऑफिसात अर्ज कानडीत, पोराची शाळा इंग्रजीत, असं एका दिवसात तीन भाषांतून जाणारं बाईचं आयुष्य. हे मी विषय वाटायला सांगत नाही. तुमच्या पत्रातली बसची ये-जा वाचली आणि वाटलं, या बाईच्या वहीत कथेपलीकडचंही पुष्कळ असणार. आणि पुण्यातल्या कुणा संपादकाला तुमची कथा आवडली, लिहिणारी कोण हे बघावंसं वाटलं, तर त्याला जाऊन वाचायला एक जागा राहते.

‘आम्ही इथं सीमेवर, पुण्या-मुंबईपासून लांब, ब्लॉग नाही तर आम्हाला विचारणार कोण’ असं पुष्कळजण म्हणतात. तुम्ही म्हटलेलं नाही, पण म्हणाल. मला ते पटत नाही. इंदिरा संत बेळगावात राहूनच लिहीत होत्या आणि 1984 साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो इथं लिहिलेल्या कवितेलाच. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या लंपन नावाच्या मुलाच्या कथा साठीच्या दशकात सुरू झाल्या, मग मोठा खंड पडला, आणि पहिलं पुस्तक आलं 1994 साली. कऱ्हाडला भूशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी बेळगावचं बालपण लिहिलं. त्या वेळी टपालपेटी होती, आज ईमेल आहे. अंतर तेव्हाही आड आलं नाही.

उलट सीमाभागात लेखकाला एक गोष्ट मिळते जी पुण्यातल्या नवख्याला सहज मिळत नाही. आपली ग्रामीण साहित्य संमेलनं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी. मांडवात शेतातून उठून आलेली माणसं बसलेली असतात. कथाकथनाच्या सत्रात पाच मिनिटांत कळतं, कुठं कान टवकारले आणि कुठं बायका आपसात बोलायला लागल्या. ब्लॉगवर ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, दोन हात जोडलेले, एवढंच कळतं. पुढच्या हंगामात यातल्या एका ठिकाणी नवोदितांसाठी वेळ आहे का, हे आयोजकांना आत्ताच विचारा. धीर होत नाही म्हणता ना? मग आधी घरात नणंदेला, नाहीतर बसमधल्या मैत्रिणीला एक कथा वाचून दाखवा. ती बस कुठल्या वळणावर असताना खिडकीबाहेर बघायला लागली, ते मनात टिपून ठेवा. त्या जागी कथेत काहीतरी कमी-जास्त झालेलं असतं. वाचून दाखवणं म्हणजे छापणं नव्हे, त्यामुळे अप्रकाशितपणाला धक्काही लागत नाही. मात्र संमेलनात कुणी मोबाईलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणार असेल तर आधी नको म्हणून सांगा.

ब्लॉगचा खरा धोका मला वेगळाच वाटतो. तुमच्या ब्लॉगचे पहिले वाचक गावातले नसतील, गावातून गेलेले असतील. पुण्यात, मुंबईत, गोव्यात, आखातात नोकरीला असलेले आपले लोक. ते प्रेमानं वाचतील, आणि त्यांना एकच गोष्ट हवी असेल, त्यांनी सोडून दिलेलं गाव, जसंच्या तसं, थोडं पिवळसर रंगात. जत्रा, आजीचा मांडा, पहिल्या पावसाचा वास. अशा पोस्टला टाळ्या पडतात. भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद झालेलं लिहिलं की शांतता. दोन-चार वेळा असं झालं की हात आपोआप मांड्याकडे वळतो. सीमाभागात लिहिणाऱ्याला ही ओढ जास्तच, कारण इथं गावाची आठवण आणि भाषेचा अभिमान एकमेकांत मिसळलेले असतात आणि दोन्हींना दाद हमखास असते. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून आपल्याकडे साहित्य आणि सीमाप्रश्न एकाच मांडवात बसत आलेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कथेतल्या माणसाला कुणाचा तरी प्रतिनिधी व्हावं लागलं की ते माणूस उरत नाही. तुमच्या काउंटरवर दागिना ठेवायला येणारी बाई मराठी असेल, कानडी असेल, तिची अडचण एकच असते. ते लिहा, आणि ब्लॉगवरच्या टाळ्यांना ते ठरवू देऊ नका. म्हणूनही कथा तिथं नको म्हणते.

याच कारणानं, प्रतिक्रिया तुम्ही पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सोय ब्लॉग काढतानाच लावून घ्या. एखाद्या पोस्टमध्ये नुसता दुकानाच्या पाटीचा उल्लेख आला तरी खाली दोन्ही बाजूंची माणसं भांडायला येतात, 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास तर विचारूच नका. भांडण तुमच्या अंगणात, भांडणारे दोघेही परके.

आता काउंटरवरची माणसं. पत्रात हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, माझ्या दृष्टीनं ते पहिलं आहे. ब्लॉगवर काउंटरबद्दल एक ओळही लिहू नका. नाव न घेता नको, ‘एक आजी आल्या होत्या’ म्हणून नको, कौतुकानंही नको. बेळगाव एवढं मोठं नाही. कुठल्या पतसंस्थेत कोण बसतं हे गल्लीला माहीत असतं, आणि मंगळवारी दुपारी पाटल्या कुणी ठेवल्या हे त्या आजींच्या सुनेला माहीत असतं. खातेदाराची गोष्ट बाहेर जाणं हा नोकरीचा प्रश्न आहेच, पण नोकरी वाचली तरी त्या आजी पुन्हा तुमच्या खिडकीशी येणार नाहीत. छापील कथा काही महिन्यांनी, वर्षानं येते, तिला अंतर मिळतं. ब्लॉग त्याच रात्री गल्लीत पोचतो.

कथेत मात्र ती माणसं येऊ द्या, न येऊन कशी चालतील? फक्त त्यांना पुरतं बदला. नाव बदलणं म्हणजे बदल नव्हे. गाव बदला, धंदा बदला, मुलं किती ते बदला, बाईचा पुरुष करून बघा, तारण ठेवलेली वस्तू बदला. खऱ्या माणसाकडून एकच गोष्ट घ्या, पावती घडी घालून कमरेला खोचायची त्याची लकब, किंवा व्याज विचारताना आवाज खाली जाणं. बाकी सगळं तुम्ही रचा. असं केल्यावर कथा सुधारतेच, असा माझा अनुभव आहे, कारण जे घडलं ते जसंच्या तसं लिहिताना आपण कारणं द्यायला विसरतो. आणि ज्या माणसाचं नुकसान अजून चालू आहे त्याच्यावरची कथा थोडी थांबवा.

तांत्रिक बाबींत फार शिरत नाही, पुतण्या आहेच. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस, दोन्हीकडे फुकट सुरुवात होते, पैसे भरून स्वतःचं नाव-पत्ता घ्यायची आत्ता गरज नाही. फोनच्या मराठी कीबोर्डवर जे लिहिता ते युनिकोड असतं, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणारी अक्षरं, ते तसंच मजकूर म्हणून टाका. पुष्कळजण रंगीत पार्श्वभूमीवर अक्षरं बसवून चित्र करून टाकतात. त्यातलं वाक्य शोधून सापडायची खात्री नसते, आणि ज्यांना दिसत नाही म्हणून फोनकडून वाचून घेतात त्यांच्यापर्यंत ते नीट पोचत नाही. प्रत्येक मजकुराची एक प्रत ब्लॉगबाहेर ठेवा. 2014 मध्ये ऑर्कुट बंद झालं तेव्हा तिथं जमलेल्या कविता आणि चर्चा कितीतरी लोकांच्या हातून गेल्या. आणि ताबडतोब, हे पत्र वाचून होताच, त्या दहा कथा मोबाईलमधून ईमेलवर घ्या. बेळगाव बसस्टँडच्या गर्दीत फोन जायला कितीसा वेळ लागतो?

ब्लॉग काढलाच पाहिजे असंही नाही. सहा महिने लिहून पाहा. कथेसाठी राखलेला रात्रीचा तासच ब्लॉग खात असेल तर सरळ थांबवा, कुणाला कारण द्यायला नको. मला विचाराल तर या वर्षीचं पहिलं काम ब्लॉग नाहीच. दहा कथांतल्या तीन निवडा, एकीला महिनाभर हात लावू नका, मग पुन्हा लिहा आणि पाठवा.

नावाचं राहिलं. पुरवणीत छापलेली कथा तुमच्याच नावानं आली असेल तर कथांसाठी तेच नाव चालू ठेवा, दोन नावांत विभागलेला लेखक वाचकाच्या लक्षात राहत नाही. नोकरीमुळे किंवा घरच्यांमुळे अवघडल्यासारखं वाटत असेल तर टोपणनाव घ्या, त्यात कमीपणा नाही, मराठीत त्याची मोठी परंपरा आहे. पण ते वेषांतर समजून बेफिकीर लिहू नका. खानापूर तालुक्यात कुठलंही टोपणनाव दिवाळीपर्यंत टिकत नाही. आणि कथेसोबत संपादकाला खरं नाव, खात्यावर आहे तसं, न विसरता कळवा. टोपणनावानं आलेला मानधनाचा चेक खात्यात जमा होत नाही, हे काउंटरवरच्या बाईला मी काय सांगणार!